क्रोशाची कड

ताम्रपट, सनदा, बखरी आणि पत्रव्यवहार ह्यांस इतिहासाचीं साधनें म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात पडला आहे, आणि तो योग्यही आहे. परंतु उशीचा अभ्रा, बाळाचें टोपडें, देव्हाऱ्याचा पडदा किंवा साधा हातरुमाल ह्यांच्याकडे त्या दृष्टीनें कोणी पाहूं लागलें तर त्याची थट्टा होण्याचाच संभव अधिक. ती थट्टा पत्करून आम्ही आज एका हातरुमालापासून आरंभ करणार आहों.

गेल्या दिवाळीच्या आवराआवरींत आमच्या घरच्या जुन्या पत्र्याच्या पेटींतून हा रुमाल निघाला. मधलें कापड पांढरेंशुभ्र, गिरणीचें, फारसें न वापरलेलें; आणि चारी बाजूंची कंगोऱ्यांची क्रोशाची लेस मात्र जुन्या हस्तिदंतासारखी पिवळसर. कापड नवें आणि कड जुनी, हें कोडें आम्हांस उलगडेना. घरांतील वडील बायकांनीं तें एका क्षणांत सोडविलें. मूळचा रुमाल केव्हांच विरून गेला होता. त्याची कड तेवढी हलक्या हातानें उसवून दुसऱ्या तुकड्यास लाविली, आणि तोही विरल्यावर तिसऱ्यास. एका कडेनें तीन रुमाल पाहिले होते! आम्ही जिला रुमालाची शोभा म्हणत होतों ती रुमालाहून दीर्घायुषी निघाली.

ही कड कोणी विणली, असें आम्हीं विचारलें. "विणली असेल कोणीतरी फावल्या वेळांत," असें उत्तर मिळालें. आणि ज्यांनीं तें दिलें त्यांच्या स्वतःच्या हातांत त्या वेळीं दोऱ्याचा गुंडा आणि क्रोशाची सुई होती. ह्या 'फावल्या वेळा'चा माग काढीत आम्ही जेथवर गेलों त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम थोडें कामाविषयीं. लोंकरीच्या विणकामांत दोन सुया असतात, आणि सुईवर एका वेळीं पन्नास-शंभर फांस जिवंत असतात. एक सुटला तर त्याच्या खालचें विणकाम ओळीनें उसवत जातें. क्रोशाची गोष्ट निराळी. तेथें सुई एकच, तिच्या टोंकास बारीक आंकडा, आणि टांका पुरा झाला म्हणजे त्या आंकड्यावर जिवंत फांस उरतो तो एकच. मागचे सर्व टांके आपापल्या जागीं बंद झालेले असतात. ह्यामुळें क्रोशाचें काम वाटेल तेव्हां खालीं ठेवतां येतें आणि वाटेल तेव्हां उचलतां येतें. दूध उतूं जाऊं लागलें, मूल रडूं लागलें, दारीं कोणी आलें, तरी कांहीं बिघडत नाहीं. हा गुण घरांतील बाईच्या किती सोयीचा आहे हें सांगावयास नको. तिच्या हिताचा किती, हें मात्र पुढें पाहावयाचें आहे.

ह्या एका फांसामुळेंच क्रोशा कापडाच्या कडेवर थेट चालूं शकतो. कड दुमडून हातशिलाईनें पक्की करावयाची, सुईचें टोंक दुमडीच्या आंतल्या बाजूनें कापडांत घालून दोरा वर ओढावयाचा, आणि त्याचा फांस आंकड्यावर घेऊन पुढें सरकावयाचें. पहिली ओळ मुक्या खांबांची, ती पायाभरणी. तिच्यावर सांखळ्यांच्या कमानी, कमानींत खांबांचे पंखे, आणि पंख्याच्या माथ्यावर तीन सांखळ्यांचें इवलेंसें टोंक. ऐकावयास हें सोपें आहे. खरी परीक्षा कोपऱ्यावर होते. सरळ बाजूवर ज्या हिशेबानें टांके बसतात त्याच हिशेबानें कोपरा वळविला तर कड आंत ओढली जाऊन रुमालाचा द्रोण होतो. म्हणून कोपऱ्याच्या एकाच छिद्रांत तीन टांके घालावे लागतात. उलट बाजूवर टांके दाट पडले तर कडेला नको असलेली झालर येते. कापड आधीं धुवून आटवून घेतलें नसेल तर पहिल्याच धुण्यांत तें आटतें, कड तितकी आटत नाहीं, आणि आठवड्याचें काम चोळामोळा होऊन बसतें. बहुतेक घरांतून हें शास्त्र कोणी पुस्तकांत वाचलेलें नसतें. एकीच्या बोटांवरून दुसरीच्या बोटांवर तें उतरत आलेलें असतें.

इतकी अंगवळणीं पडलेली ही कला फार प्राचीन असली पाहिजे अशी पुष्कळांची समजूत आहे. तिचा वंश थेट इजिप्तच्या थडग्यांपर्यंत नेऊन भिडविण्याचा मोहही अनेकांस झालेला आहे. परंतु डेन्मार्कच्या लिस पालुदान ह्या बाईंनीं युरोपांतील संग्रह चाळून जो निष्कर्ष काढला तो ह्या समजुतीच्या विरुद्ध आहे. इ. स. १८०० च्या पूर्वीं तेथें आजच्या अर्थानें क्रोशा रूढ होता असें दाखविणारा भक्कम पुरावा त्यांस मिळाला नाहीं. जुन्या क्रोशाच्या म्हणून दाखविल्या जाणाऱ्या लेसा बारकाईनें पाहिल्या तर सुईनें शिवलेल्या, नाहीं तर उशीवर टांचण्या रोवून लांकडी रिळांनीं गुंफलेल्या निघतात. छापील नमुने पाहूं गेलें तर 'पेनेलोपे' ह्या डच मासिकांतील १८२३ च्या सुमाराचे नमुने अगदीं आरंभींच्या नमुन्यांत गणले जातात. म्हणजे आमच्या पेशवाईचा शेवट झाल्यावर हें प्रकरण सुरू होतें.

'क्रोशा' हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ लहानसा आंकडा. आंकड्याची सुई मात्र युरोपांत त्याआधींच पोंचली होती, आणि ती पूर्वेकडून. कच्छमधील मोची आपल्या आरीनें चामड्यावर आणि रेशमावर सांखळीचें जें भरतकाम करीत, त्याच जातीचें काम अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें मोठ्या घरच्या बायकांचा छंद होऊन बसलें. कापड डफासारख्या गोल चौकटीवर ताणावयाचें, वरून आंकडा खुपसावयाचा आणि खालचा दोरा फांसाफांसानें वर काढावयाचा. म्हणून ढोलाच्या नांवावरून तेथें त्यास 'तांबूर' म्हणूं लागले. मादाम द पोंपादूर हिचें द्रुए ह्या चित्रकारानें १७६३-६४ मध्यें काढलेलें एक मोठें चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. त्यांत ही राजाची मर्जीतली बाई अशाच चौकटीपुढें बसलेली दिसते. पुढें कोणाच्या तरी ध्यानांत आलें कीं, ही सांखळी कापडाशिवायही उभी राहूं शकते. कापड गळालें, सांखळीवर सांखळी हवेंतच चढूं लागली, आणि क्रोशा जन्मास आला, असा एक तर्क आहे. तर्क सुंदर आहे. सिद्ध झालेला आहे असें म्हणतां येत नाहीं. तो सिद्ध झालाच तर युरोपच्या दिवाणखान्यांतील ह्या नाजुक विद्येची आजी मोच्याच्या ठाण्यावर बसलेली होती असें म्हणावें लागेल, आणि आम्हांस त्यांत वाईट वाटण्याजोगें कांहीं दिसत नाहीं.

कापडास शोभिवंत कड लावण्याची हौस मात्र क्रोशाहून पुष्कळ जुनी. तुर्कस्तानांत डोक्यावरील रुमालाच्या कांठास फुलापानांची बारीक कड विणतात. तिला 'ओया' म्हणतात. ती पूर्वीं सुईनेंच करीत; आंकडा मागाहून आला. तेथील बायकांनीं ह्या कडेची एक भाषाच बनविली होती. नवरा-बायकोंत बिनसलें असेल तर बाईनें मिरच्यांची कड असलेला रुमाल बांधावयाचा, म्हणजे तोंडानें चकार शब्द न काढतां घरांत सर्वांस वर्तमान कळे, असें सांगतात. आपल्याकडे हें काम भांड्यांच्या आवाजावर भागविण्यांत येतें.

येथवर ही हकीकत हौसेची झाली. ह्या हौसेच्या वस्तूवर पोट भरण्याचा भार मोठ्या प्रमाणावर प्रथम पडला तो आयर्लंडांत.

१८४५ सालीं आयर्लंडच्या बटाट्यावर बुरशीसारखा एक रोग पडला. शेतांत हिरवें दिसणारें पीक दोन दिवसांत काळें पडून कुजे. गरीब कुळें बटाट्यावरच जगत होतीं. धान्य पिकत होतें, पण तें खंड भरण्यासाठीं. रोग पुन्हां पुन्हां उलटला. १८४१ च्या खानेसुमारींत एक्यांशी लक्षांहून अधिक असलेली वस्ती १८५१ मध्यें पासष्ट लक्षांवर आली. सुमारें दहा लक्ष माणसें उपासानें आणि तापानें मेलीं, आणि जवळजवळ तितकींच देश सोडून गेलीं. १८७६-७८ चा दुष्काळ ज्या प्रांतानें भोगला तेथील वाचकांस ह्या आंकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

घरांत विकण्याजोगें कांहीं उरलें नाहीं तेव्हां उरले ते बायकांचे आणि मुलींचे हात. कॉर्कजवळ ब्लॅकरॉक येथील उर्सुलाईन जोगिणींच्या मठांत गरीब मुलींस क्रोशा शिकविला जात होता. इतर मठ आणि शाळा त्याच मार्गास लागल्या. उत्तरेस मोनाहन परगण्यांतील क्लोन्स गांवीं १८४७ मध्यें एक नवा धर्मोपदेशक आला. त्याची पत्नी कॅसँड्रा हँड हिनें किल्डेअर परगण्यांतून एक शिक्षिका आणविली आणि आसपासच्या बायकांस कामास बसविलें. भांडवल म्हणाल तर सुताचा एक गुंडा आणि एक सुई. सुईसुद्धां विकतची लागत नसे. शिवणाच्या सुईचें नेढें अर्धें मोडून आंकडा करीत, आणि तिचें दुसरें टोंक बुचाच्या नाहीं तर लांकडाच्या तुकड्यांत खोंचून मूठ बनवीत.

ह्या भांडवलावर त्यांनीं नक्कल केली ती साक्षात् व्हेनिसच्या लेसची. व्हेनिसची उठावदार लेस नुसत्या शिवणाच्या सुईनें टांक्यावर टांका रचून होत असे. वीतभर तुकड्यास महिने लागत, आणि ती राजेरजवाडे व धर्माधिकारी ह्यांनाच परवडे. आयर्लंडांतील बायकांनीं तोच थाट आंकड्यानें थोड्या दिवसांत साधला. गुलाब, तिपानी शॅमरॉक, द्राक्षाचा घड असे तुकडे निरनिराळे विणावयाचे. उठाव यावा म्हणून जाड दोऱ्याच्या पेडावरून टांके घालावयाचे. मग हे तुकडे कापडावर काढलेल्या आकृतीवर उलटे टांचून मधली मोकळी जागा जाळीनें भरावयाची. जाळींतून मधून मधून दोरा आंकड्याभोंवतीं गुंडाळून एक टपोरी गांठ घालण्याची क्लोन्सची रीत प्रसिद्ध आहे, आणि ती गांठ त्या गांवाच्याच नांवानें चालते. एकेका घरानें एकेक फूल आपलेंसें केलेलें असे, आणि परका माणूस दारांत दिसला कीं हातांतलें काम अंथरुणाखालीं जाई, असें सांगतात. आपल्याकडील वैद्यांच्या घराण्यांतील औषधांची आठवण ह्यावरून कोणास झाली तर नवल नाहीं.

ह्या लेसचें जनकत्व एका विदुषीनें स्वतःकडे घेतलें आहे. एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर हें तिचें नांव. तिच्या आईचें माहेर आयर्लंडांत होतें. विणकामाचीं सत्तरांहून अधिक पुस्तकें तिनें काढलीं, त्यांतील पहिलें १८४६ मध्यें. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत तिच्या कामास पदकें मिळालीं. आयुष्याच्या अखेरीस, १८८६ मध्यें, तिनें आयरिश लेसवरच पुस्तक लिहून आपण हें काम प्रथम शोधून काढलें असें बजावलें. तिच्या नमुन्यांनीं शेंकडों हातांना वळण लाविलें ह्यांत शंका नाहीं. परंतु कॉर्कच्या मठांत तिच्या पुस्तकाआधींपासून काम चालू होतें, आणि पुस्तकांतील नमुना आपल्या गुणानें वाढविणाऱ्या क्लोन्सच्या बायकांपैकीं एकीनेंही पुस्तक लिहिलें नाहीं. छापलेलें नांव उरतें आणि विणलेलें नांव उरत नाहीं, एवढ्यावरून जनकत्वाचा निकाल लावणें आम्हांस पटत नाहीं.

पैसा मात्र आला. गळपट्ट्या, हातोप्यांच्या कडा, रुमालांचे कांठ ह्यांस लंडनकडे मागणी होती. ह्या पैशांवर घरभाडें भागलें, पीठ आलें, आणि पुष्कळ घरांतून अमेरिकेच्या जहाजाचें भाडें निघालें. मुली विणून विणून आपल्या प्रवासाचे पैसे सांठवीत आणि विणण्याची विद्या घेऊन निघून जात. कॉर्क येथें अशी एक शाळा चालविणाऱ्या सुझाना मेरेडिथ ह्यांनीं १८६५ मध्यें 'दि लेसमेकर्स' हें पुस्तक लिहिलें आहे. तें वाचनीय आहे. बाप आणि भाऊ रिकामे बसलेले, आणि घर चालतें तें बारा-चौदा वर्षांच्या मुलीच्या सुईवर, असा उलटा संसार त्या काळीं अनेक ठिकाणीं दिसे. अशा मुलीच्या वेळेला 'फावला' म्हणण्याचें धैर्य त्या घरांत कोणासही झालें नसेल.

बरे दिवस आले कीं हें विसरलें जातें. व्यापाऱ्यांस स्वस्त माल हवा होता. भाव उतरले, तसे टांके विरळ झाले, टांके विरळ झाले म्हणून भाव आणखी उतरले. १८८० नंतर नमुने सुधारून धंदा पुन्हां उभा करण्याचे यत्न झाले, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पॅरिसच्या पोषाखांवर आयरिश क्रोशा मिरवला, आणि १९१४ च्या महायुद्धानें ती रीत मागें पडली. ह्याच काळांतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. व्हिक्टोरिया राणीनें वृद्धपणीं, १९०० सालीं, दक्षिण आफ्रिकेंतील लढाईंत शौर्य दाखविणाऱ्या शिपायांसाठीं स्वतःच्या हातानें क्रोशाच्या आठ पट्ट्या विणल्या, आणि त्या बक्षीस म्हणून दिल्या गेल्या. टांका तोच, राणीच्या हातांत तो बहुमान झाला.

येथें वाचक विचारतील कीं, यंत्रांच्या युगांत हाताचें हें काम टिकलें कसें? मोजे विणणारें यंत्र विल्यम ली ह्यानें १५८९ मध्येंच केलें होतें. लेसची जाळी विणणारें हीथकोटचें यंत्र १८०८-०९ मध्यें निघालें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर यंत्रानें कापडावर भरतकाम करून खालचें कापड रसायनानें विरघळवून टाकण्याची युक्ति सांपडली. उरते ती जाळी दुरून हुबेहूब क्रोशासारखी दिसते. दिसते खरी, पण क्रोशा नव्हे. एकच फांस, आणि तो प्रत्येक वेळीं मागच्या कामांतील मनास येईल त्या छिद्रांतून ओढावयाचा, ही हाताची चाल यंत्राच्या गळीं अजून उतरलेली नाहीं. ह्याचा अर्थ हातविणकामाच्या अभिमान्यांस गोड वाटेल. आम्हांस त्याची दुसरी बाजूही दिसते. खरी क्रोशाची वस्तु दुकानांत स्वस्त मिळत असेल तर ती यंत्रानें स्वस्त केलेली नसते. तेथें हातच स्वस्त झालेला असतो.

तो हात शोधावयास आयर्लंडास जाण्याची जरूरी नाहीं. आपल्या त्र्यंबकेश्वरीं उगम पावणारी गोदावरी समुद्रास मिळण्यापूर्वीं फांटे फोडते. त्यांतील वसिष्ठा नांवाच्या फांट्याच्या कांठीं, आंध्र प्रदेशांत, नरसापूर हें गांव आहे. नाशिकास जिच्यांत आम्ही स्नान करतों त्याच नदीच्या दुसऱ्या टोंकाशीं हजारों बायकांच्या मांडीवर क्रोशाचा गुंडा असतो, हें आम्हांसही फार उशिरां कळलें.

दक्षिण हिंदुस्थानांत लेसचें काम मिशनऱ्यांच्या बायकांनीं आणलें. १८२० च्या सुमारास नागरकोइल येथें मार्था मॉल्ट ह्यांनीं मुलींच्या शाळेंत रिळांच्या लेसचा वर्ग काढला. त्या काळीं त्रावणकोरांत गुलामगिरी चालू होती, आणि लेसच्या कमाईंतून आपली सुटका विकत घेतलेल्या मुलींची हकीकत त्या मिशनच्या इतिहासांत येते. गोदावरीच्या बाजूस १८४४ च्या सुमारास मॅक्रे नांवाच्या स्कॉच दांपत्यानें हें काम शिकविलें असें सांगण्यांत येतें, आणि तेथें क्रोशाचा आंकडा रुजला. आयर्लंडांत बटाटा कुजला त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. आरंभीं शिकल्या त्या नव्यानें ख्रिस्ती झालेल्या गरीब घरांतील बायका. पुढें व्यापारी आले, परदेशीं माल जाऊं लागला, आणि काम शेतकरी जातींच्या घरांत शिरलें. ह्या घरांतील बायकांनीं शेतावर मजुरीस जाणें हलकेपणाचें समजलें जाई. उंबऱ्याच्या आंत बसून करावयाचें, कोणाच्या दृष्टीस न पडणारें असें हें काम, ह्यामुळें तें अब्रूस धरून होतें.

मारिया मीस ह्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनीं ह्या बायकांचा अभ्यास केला. महाराष्ट्राशीं त्यांचा संबंध जुना होता. १९६३ पासून कांहीं वर्षें त्या पुण्यांत जर्मन भाषा शिकवीत होत्या. १९७७-७८ मध्यें त्या नरसापूरच्या गांवांतून हिंडल्या आणि १९८२ मध्यें त्यांचें 'दि लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हें पुस्तक निघालें. त्यांना असें आढळलें कीं, त्या टापूंत एक लक्षाच्या घरांत बायका हें काम करीत होत्या; घरकाम संभाळून दिवसाचे सहा ते आठ तास त्या सुई चालवीत; आणि त्याबद्दल पदरांत पडत होता तो रोजीं सुमारें अर्धा रुपया. शेतांत राबणारी मजूरबाई ह्याहून पुष्कळ अधिक मिळवी. क्लोन्सप्रमाणेंच येथेंही एकी फुलेंच विणी, दुसरी तीं जोडी, तिसरीच्या हातून कड पुरी होई. त्यामुळें पुरी वस्तु केवढ्यास विकली गेली हें एकीसही ठाऊक नसे. दोरा आणून देणारा दलाल पुरुष, माल परदेशीं पाठविणारा व्यापारी पुरुष. ह्या बायका कामकरी आहेत असें व्यापारी मानीत नसत. "त्या घरांत बसलेल्याच असतात, फावल्या वेळांत विणतात," हें त्यांचें उत्तर. सरकारी गणतींत त्या कामगारांत धरल्या जात नव्हत्या. आणि बाईंना पुन्हां पुन्हां आढळलेली गोष्ट ही कीं, त्या बायकाही स्वतःस कामकरी म्हणावयास कचरत. आम्ही घरीं बसणाऱ्या, असेंच त्या सांगत.

हें वाचीत असतां आम्हांस आमच्या पेटींतील रुमाल आणि त्याविषयीं मिळालेलें उत्तर आठवलें. आठ तासांना फावला वेळ म्हणावयाचें, तर ज्याला काम म्हणावयाचें तें दिवसाच्या कोणत्या भागांत बसवावयाचें?

नरसापूरच्या क्रोशा-लेसला २०२४ मध्यें सरकारी भौगोलिक मानांकन मिळालें. त्या नांवाखालीं दुसरीकडचा माल खपवितां येणार नाहीं, ही गोष्ट चांगलीच झाली. मानांकन गांवाच्या नांवाचें रक्षण करतें. विणणारीच्या तासाचा भाव त्यांत ठरलेला नसतो.

महाराष्ट्रांत क्रोशा आला तो बहुतेक कन्याशाळांच्या शिवणाच्या तासाला, आणि राहिला तो घरांत. आयर्लंडासारखी त्याची येथें पेठ वसली नाहीं. रमाबाई रानडे ह्यांनीं चालविलेल्या पुण्याच्या सेवासदनानें १९०९ पासून गरजू बायकांस शिवण-भरतकाम शिकविलें तें त्यांच्या हातीं चार पैसे यावे म्हणून. परंतु क्रोशाच्या वांट्यास विशेषेंकरून आलें तें रुखवत. लग्नाच्या मांडवांत मुलीकडच्या फराळाच्या ताटांशेजारीं तिच्या हातचे रुमाल, तांब्यावर घालावयाचीं मणी लावलेलीं जाळीचीं झांकणें, उशीचे अभ्रे, परकराच्या लेसा मांडल्या जात, आणि वराकडील वडील बायका कडेचा कोपरा उलटा करून पाहत. कोपऱ्यास द्रोण पडला आहे काय, दोऱ्याचीं टोंकें नीट लपविलीं आहेत काय, हें त्यांना पाहावयाचें असे. मुलीच्या चिकाटीची ती परीक्षा होती. तिच्या कमाईचा प्रश्न तेथें कोणाच्या मनांतही येत नसे. ही परीक्षा सर्वस्वीं वाईट होती असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्या कामाकडे चार जाणत्या बायका निरखून पाहत आहेत, एवढें भाग्य नरसापूरच्या विणणारणीला लाभलेलें नाहीं.

गोव्यांतील आमच्या एका स्नेह्यांनीं, हें प्रकरण बोलण्यांत निघालें असतां, एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत आणून दिली. पोर्तुगीज भाषेंत 'रेंद' म्हणजे लेस, आणि 'रेंद' म्हणजेच उत्पन्न. दोन्ही शब्दांचे धातू निराळे, उच्चार मात्र एक. गोव्यांतील जुन्या ख्रिस्ती घरांतून वेदीवरच्या वस्त्राची कड विणणारी बाई आपल्या हातांत काय आहे हें सांगतांना दोन्ही गोष्टी एकदमच सांगत होती. ऐकणारे मात्र पहिलाच अर्थ घेत असावेत.

लेख येथवर लिहून झाल्यावर आम्हांस एक बुद्धि सुचली. रुमालाची ती जुनी कड नमुन्यास ठेवून घरांतील त्याच वडील बाईंना आम्हीं तशीच कड नव्या तुकड्यावर विणावयास सांगितलें आणि शेजारीं घड्याळ ठेविलें. रुमाल वीत-वीतभर बाजूचा; कडेच्या ओळी तीन. पहिली बाजू त्यांना सव्वा तास पुरली, आणि कोपऱ्यावर एकदां उसवावें लागलें. चारी बाजू मिळून साडेपांच तास भरले, तेही एका बैठकीला नव्हे, चार दिवसांत मिळून. मीसबाईंच्या पुस्तकांतील भावानें हें एका दिवसाचें काम, म्हणजे अर्धा रुपया. आणि ते सुद्धां १९७७ चे पैसे.

हा हिशेब आम्हीं त्यांना वाचून दाखविला. त्या हंसल्या. शेवटचें टोंक अजून पुरें व्हावयाचें होतें. तो एक फांस तसाच ठेवून त्यांनीं सुई गुंड्यांत खोंवली, आणि दूध वर आलें आहे असें सांगून आंत गेल्या.